‘गुणवत्ता आहे, पण शिस्त नाही’: आफ्रिकी फुटबॉलबद्दलचं हे पालुपद कितपत खरं?

ऑफसाइड_ट्रॅप

आफ्रिकेतल्या कुठल्याही संघाचा सामना लागला की समालोचकांची टेप सुरू होते: अंगात ताकद, पायात वेग, उपजत कसब, पण शिस्त नाही, मोक्याच्या क्षणी डोकं ठिकाणावर राहत नाही. विश्वचषकाचा हिशेब काढला तर कॅमेरून (१९९०), सेनेगल (२००२) आणि घाना (२०१०) उपांत्यपूर्व फेरीत थांबले, आणि २०२२ मध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत पोचला. बास. दुसरीकडे वेआ, एटो, द्रोग्बा, याया तुरे, सलाह, माने ही मंडळी युरोपातल्या बड्या क्लबांचा कणा होती. मग घोडं पेंड खातं कुठे?

‘राजकारण’, ‘भ्रष्टाचार’ असली एका शब्दाची उत्तरं कृपया नकोत, ती कुठेही चिकटवता येतात. कुठला सामना, कितवं मिनिट, कुठला नियम, किती पैसे, असं सांगितलंत तर बरं. आणि जुने सामने शोधून बघायचे झाले तर कोणते, आणि त्यात चेंडू सोडून आणखी कशावर नजर ठेवायची?

सहा_नंबर

आधी गणित. परीक्षेला मुलंच बसू दिली नाहीत तर निकाल कसा लागणार?

१९६६ च्या विश्वचषकात १६ संघ होते. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून जागा किती? एक. आफ्रिकेच्या विजेत्याने पुन्हा आशिया-ओशनियाच्या विजेत्याशी खेळून ती मिळवायची. घानाच्या पुढाकाराने आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला. घाना तेव्हा १९६३ आणि १९६५ असे लागोपाठ दोन आफकॉन (आफ्रिकी देशांची अजिंक्यपद स्पर्धा) जिंकलेला संघ होता. म्हणजे खंडातला सर्वांत तयारीचा संघ घरी बसला. बहिष्काराचा परिणाम म्हणून १९७० पासून एक हक्काची जागा मिळाली आणि मोरोक्को गेला. १९७८ पर्यंत एकच. १९८२ ला दोन, १९९४ ला तीन, १९९८ ला पाच, आणि ४८ संघांच्या २०२६ साठी नऊ थेट जागा. १९९० मध्ये २४ पैकी १४ संघ युरोपचे होते, आफ्रिकेचे दोन. त्या दोनांतला एक उपांत्यपूर्व फेरीत गेला. ही टक्केवारी कुणी मोजत नाही.

जागा मिळाल्यावर नियम आडवे आले. १६ जून १९८२, हिहोन: अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ हरवलं, गोल माजेर आणि बेल्लूमीचे. २४ जूनला चिलीला ३-२ हरवून त्यांचे सामने संपले. दुसऱ्या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं की जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे आणि अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला ह्रुबेशचा गोल झाला आणि उरलेली ऐंशी मिनिटं चेंडू नुसता इकडून तिकडे. १९८६ पासून गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात ते यामुळे. आता यात शिस्त कोणाची गेली?

तिसरी गोष्ट कॅलेंडरची, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत कमी बोलली जाते. १९६८ पासून २०१२ पर्यंत आफकॉन सम वर्षी व्हायची, म्हणजे विश्वचषकाच्याही वर्षी, नंतर नंतर जानेवारीत. मधे जेमतेम चार-पाच महिने. आफकॉन जिंकली नाही की लोक चिडणार, महासंघ प्रशिक्षकाला काढणार, आणि नवा माणूस दोन-तीन सराव सामन्यांच्या भांडवलावर विश्वचषकाला जाणार. उदाहरणं बघा:

नायजेरिया, २००२. शुऐबू आमोदूने संघ पात्र केला, आफकॉनमध्ये तिसरा आला, तरी काढला. २०१० ला तोच आमोदू, तीच पात्रता, आफकॉनमध्ये तोच तिसरा क्रमांक, पुन्हा नारळ. दोन्ही वेळा नायजेरिया गटातच आटोपली, एकही विजय नाही.

टोगो, २००६. स्टीफन केशीने या चिमुकल्या देशाला पहिल्यांदा विश्वचषकात नेलं. आफकॉन वाईट गेली, केशी बाहेर.

आयव्हरी कोस्ट, २०१०. वाहिद हालिलहोजिचने पात्र केलं, आफकॉनच्या उपांत्यपूर्व फेरीत अल्जीरियाकडून २-३ हरला आणि गेला. त्याच्या जागी एरिक्सन. याच हालिलहोजिचला २०१८ ला जपानने आणि २०२२ ला मोरोक्कोनेही पात्र झाल्यावर काढलं. फक्त अल्जीरियाने २०१४ ला ठेवलं, तर त्या संघाने पुढे जगज्जेत्या झालेल्या जर्मनीला अतिरिक्त वेळेपर्यंत ताणलं.

२०१३ पासून आफकॉन विषम वर्षात नेली ती हा गोंधळ टाळायलाच. पण २०२१ ची स्पर्धा सरकत सरकत जानेवारी २०२२ मध्ये आली आणि कॅमेरूनने तिसऱ्या क्रमांकावरच्या प्रशिक्षकाला, कोन्सेसाओला, लगेच डच्चू दिला. सवय, दुसरं काय.

लेखापाल

सहा_नंबर यांनी कॅलेंडर सांगितलं, मी खतावणी उघडतो. बोनसचे तंटे हे ‘खेळाडू लोभी’ म्हणून होत नाहीत, पैसा ज्या वाटेने येतो त्या वाटेमुळे होतात.

फिफा बक्षिसाची रक्कम महासंघाला देते, खेळाडूला नाही, आणि मुख्य रक्कम स्पर्धा झाल्यावर. २०१४ ला गटात बाद झालेल्या संघालाही ८० लाख डॉलर होते. पण स्पर्धेच्या आधी खेळाडूंना पात्रतेचा बोनस, हजेरीचे पैसे आणि दर विजयाचे पैसे कबूल केलेले असतात. महासंघाच्या गल्ल्यात तेवढी रोकड नसते. तो क्रीडा मंत्रालयाकडे जातो. मंत्रालयाला मंजुरी लागते, परकीय चलन लागतं. इकडे खेळाडूंना मागच्या स्पर्धेचं अनुभवाचं शहाणपण आलेलं: स्पर्धा संपली की आपली गरज संपते, मग फोन कोण उचलतो? म्हणून ते सामन्याआधी, हातात, रोख मागतात. त्यांच्या बाजूने बघितलं तर वाटाघाटीचा तेवढा एकच क्षण त्यांच्याकडे असतो. सामन्याच्या आदल्या रात्री बैठक, त्यात अर्धी झोप गेली, सराव बुडाला.

१९७४ झाईर (आताचा डीआर काँगो): पहिला सामना स्कॉटलंडशी, ०-२. बऱ्यापैकी खेळले. मग कळलं की कबूल केलेले पैसे मिळणार नाहीत. पुढचा सामना युगोस्लाव्हियाशी, ०-९. तिसरा ब्राझीलशी, ०-३. त्या सामन्यात ब्राझीलच्या फ्री किकआधीच भिंतीतून धावत येऊन चेंडू लाथाडणारा म्वेपू इलुंगा जगभर थट्टेचा विषय झाला, ‘यांना नियमसुद्धा माहीत नाहीत’ म्हणून. त्यानेच नंतर सांगितलं की नियम पक्के ठाऊक होते. पैसे बुडवणाऱ्यांसाठी खेळायचं नव्हतं, म्हणून लाल कार्ड मिळवायचा प्रयत्न होता. पंचाने पिवळ्यावर भागवलं! आफकॉन जिंकून आलेला हा संघ होता, हे त्या चित्रफितीखाली कुणी लिहीत नाही.

२००६ टोगो: बोनसच्या भांडणात प्रशिक्षक फिस्टर पहिल्या सामन्याआधी सोडून गेला, सामन्याच्या तोंडावर परतला. स्वित्झर्लंडविरुद्धच्या सामन्याला संघ निघेचना, फिफाला मध्ये पडावं लागलं. तिन्ही सामने हरले.

२०१४ ला तर तीन संघ एकदम. कॅमेरूनने ब्राझीलच्या विमानात चढायला नकार दिला. पोचले, तिन्ही हरले, आणि क्रोएशियाविरुद्ध ०-४ मध्ये असू-एकोतोने आपल्याच संघातल्या मुकांजोला डोक्याने ढुशी दिली. नायजेरियाने फ्रान्सशी बाद फेरीचा सामना असताना सराव टाकला, ०-२. आणि घाना: सरकारने ३० लाख डॉलरहून जास्त रोकड खास विमानाने ब्राझीलला पाठवली. त्याच घानाने पोर्तुगालशी गाठ पडण्याच्या पाच दिवस आधी जर्मनीला २-२ असं रोखलं होतं. जर्मनी त्या स्पर्धेत जिंकली नाही असा तो एकमेव सामना. रोकड आली, मुंतारी आणि बोआटेंगची सामन्याआधीच संघातून हकालपट्टी, पोर्तुगालशी १-२, खेळ खल्लास.

इलाज अवघड नाही. रक्कम डॉलरमध्ये न ठरवता फिफाच्या बक्षिसाच्या टक्क्यांत ठरवायची, तीही लेखी आणि पात्र झाल्याबरोबर, आणि पैसे खेळाडूंच्या खात्यात परस्पर. टक्का ठरला की विजयागणिक नवी वाटाघाट उरत नाही.

कुपरेज_गॅलरी

वरचं सगळं मान्य, पण म्हणून मैदानावरच्या चुकांवर पांघरूण घालू नये. काही सामने निव्वळ खेळातल्या निर्णयांमुळे गेलेत. फक्त त्याला ‘शिस्त नाही’ म्हणणं म्हणजे ताप आलाय म्हणून सांगून डॉक्टरने फी घेण्यासारखं आहे.

कॅमेरून १९९०. सलामीचा सामना ८ जूनला, मिलानमध्ये, समोर जगज्जेता अर्जेंटिना. ६१ व्या मिनिटाला काना-बियीकला लाल कार्ड. ६७ व्या मिनिटाला, दहा जण असताना, त्याचा भाऊ ओमाम-बियीकने उंच उडी मारून हेडर मारला, गोलरक्षक पुंपिदोच्या हातून चेंडू निसटला. शेवटी कानिजिया दोन धसमुसळे अडथळे चुकवून सुटला आणि मासिंगने त्याला असा आडवा केला की स्वतःचाच बूट उडाला. दुसरं लाल कार्ड, नऊ जण, १-०.

त्या धक्काबुक्कीला योजना होती. मॅराडोनाला चेंडू मिळण्याआधी नाही, मिळाल्यावर लगेच, अर्ध्या रेषेजवळच पाडायचं, म्हणजे फ्री किक मिळाली तरी गोलापासून चाळीस मीटरवर. ती योजना चालली. पण तिची किंमत हप्त्याने फेडावी लागते. पिवळी कार्डं साठत गेली आणि इंग्लंडविरुद्ध नापोलीतल्या उपांत्यपूर्व सामन्यात चार नेहमीचे खेळाडू निलंबित होते. कॅमेरून ६५ व्या मिनिटाला २-१ ने पुढे होतं. ८३ व्या मिनिटाला लिनेकरची पेनल्टी, अतिरिक्त वेळेत आणखी एक, २-३. हा सामना बघताना गोल बघू नका, ७० व्या मिनिटानंतर कॅमेरूनचे दोन्ही बाजूचे बचावपटू कुठे उभे आहेत ते बघा. आघाडी असूनही ते पुढेच चढत राहतात. मधल्या फळीतले अनुभवी लोक बाहेर बसलेले, ‘थांबा रे’ म्हणणारा कुणी नाही.

नायजेरिया १९९४, इटलीविरुद्ध. २५ व्या मिनिटाला अमुनिकेचा गोल. ७५ व्या मिनिटाला झोलाला लाल कार्ड, इटली दहा. ८८ व्या मिनिटाला बाज्जोची बरोबरी, अतिरिक्त वेळेत पेनल्टी, १-२. इथे कॅमेरूनच्या उलट चूक: समोर एक माणूस कमी असताना नायजेरिया मागे सरकली, आणि चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढण्याऐवजी ओकोचाच्या कसरती सुरू राहिल्या. दोन वर्षांनी अटलांटा ऑलिंपिकमध्ये यातल्याच बऱ्याच पोरांनी उपांत्य सामन्यात ब्राझीलला ४-३ आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-२ हरवून सुवर्ण घेतलं. ब्राझीलविरुद्ध तर १-३ ने मागे पडून. डोकं थंड नसतं तर हे झालं असतं का?

घाना २०१० बद्दल बोलताना सगळे उरुग्वेच्या सुआरेझने गोलात जाणारा चेंडू हाताने अडवला त्यावर घसरतात. नियमाप्रमाणे जे व्हायचं ते झालं: लाल कार्ड आणि पेनल्टी. १२० मिनिटं संपलेली, ग्यानचा फटका आडव्या खांबावर. ग्यानने त्याच स्पर्धेत सर्बिया आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल केले होते, म्हणजे निवड चुकीची नव्हती. आणि तोच ग्यान काही मिनिटांत पेनल्टींच्या टायब्रेकरमध्ये घानाचा पहिला फटका मारायला आला आणि गोल केला. याला काय म्हणायचं, कच्चं मन? पुढे मेन्सा आणि आदियियाचे फटके मुस्लेराने अडवले. मेन्साने तर जेमतेम दोन पावलांचा रनअप घेतला होता. बघाल तेव्हा तो फटका परत लावून बघा.

सहा_नंबर

कुपरेजकरांचं ‘ताप’वालं वाक्य आवडलं. मोरोक्को २०२२ बद्दल थोडं, कारण ‘नशीब’ म्हणणारे अजून भेटतात.

प्रशिक्षक वालिद रेग्रागी ३१ ऑगस्टला आला, विश्वचषकातला पहिला सामना २३ नोव्हेंबरला. मी वर म्हटलं तोच ऐनवेळचा बदल, पण दोन फरक. एक, हा माणूस त्याच वर्षी मे महिन्यात मोरोक्कोच्या विदाद क्लबाला आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकून देऊन आलेला, खेळाडूंची भाषा आणि भांडणं दोन्ही माहीत. दोन, आधीच्या प्रशिक्षकाशी बिनसल्याने दूर झालेल्या झियेशला त्याने परत आणलं आणि त्याच्याकडून धावायचं काम करून घेतलं.

मांडणी कागदावर ४-३-३ (मागून पुढे बचाव, मधली फळी, आघाडी), चेंडू समोरच्याकडे असताना ४-१-४-१. चार बचावपटूंच्या पुढे एकटा अमराबात. बघताना असं करा: पंधरा मिनिटं फक्त अमराबातकडे बघा, चेंडूकडे बघूच नका. तो समोरच्याचा पाठलाग करत नाही, दोन मध्यरक्षकांच्या मधली फट बुजवत राहतो. झियेश आणि बुफाल आपापल्या बाजूच्या बचावपटूच्या पुढ्यात येऊन बसतात, म्हणून हकीमीला एकाच वेळी दोघांना तोंड द्यावं लागत नाही. स्पेनने १२० मिनिटांत हजारावर पास दिले, गोल शून्य. मग टायब्रेकर ३-०: साराबियाचा खांबावर, सोलेर आणि बुस्केत्सचे बुनूने अडवले, आणि माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकीमीने अलगद मधोमध चिप केला. उपांत्य फेरीपर्यंत त्यांच्यावर एकच गोल झाला होता, तोही कॅनडाविरुद्ध स्वयंगोल.

फ्रान्सविरुद्ध ०-२ का? पहिलं कारण शरीर. आगेर्द सरावाच्या वेळीच बाद, कर्णधार सायिस अर्धवट तंदुरुस्तीत उतरला आणि २१ व्या मिनिटाला बाहेर, मझरावी मध्यंतराला. दुसरं कारण रेग्रागीचा निर्णय: दुखापती झाकायला त्याने मागे पाच ठेवले, आणि जी चौकडी आधीच्या पाच सामन्यांत पाठ झाली होती ती मोडली. पाचव्या मिनिटाला गोल बसला. सायिस गेल्यावर जुनी मांडणी परत आली आणि मोरोक्को उरलेला बराच वेळ वरचढ खेळलं. हे माझं मत आहे, पण सामना त्या नजरेने बघून सांगा.

आणि त्याच स्पर्धेत पहिल्यांदाच पाचही आफ्रिकी संघांचे प्रशिक्षक त्या त्या देशाचेच होते. ट्युनिशियाने फ्रान्सला, कॅमेरूनने ब्राझीलला १-० हरवलं ते याच स्पर्धेत.

मांडवीपार

खेळाडू कुठून येतात आणि पैसा कुठे जिरतो, हे राहिलंच की.

मोरोक्कोच्या त्या २६ पैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले. फिफाने २००९ मध्ये वयाची अट काढली, त्याआधी एका देशाच्या वयोगट संघातून अधिकृत सामना खेळलेल्याला २१ नंतर देश बदलता येत नसे. २०२० मध्ये आणखी सैल केलं: २१ पूर्ण होण्याआधी मोठ्या संघाचे तीनपेक्षा जास्त अधिकृत सामने खेळले नसतील आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झाली असतील, तर बदलता येतं, विश्वचषक किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत उतरला असेल तर मात्र नाही. केप व्हर्देसारख्या सव्वापाच लाख वस्तीच्या देशाने १३ ऑक्टोबर २०२५ ला एस्वातिनीला ३-० हरवून, गटात कॅमेरूनला मागे टाकून २०२६ चं तिकीट काढलं, त्यात या परदेशस्थ पोरांचा मोठा वाटा. त्यांचा बचावपटू पिको लोपेस डब्लिनचा. प्रशिक्षकाने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप धाडला आणि त्याने तो फालतू संदेश समजून महिनोन्‌महिने त्याकडे लक्षच दिलं नाही!

पण फक्त परदेशस्थांवर गाडी चालत नाही. मोरोक्कोने सालेजवळ मोहम्मद सहावा अकादमी काढली, एन-नेसिरी, आगेर्द, उनाही तिथले. आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानला त्याआधीच जाँ-मार्क गियूने असेक मिमोसास क्लबाची अकादमी उभारली. पोरं अनवाणी खेळायची, लांब पाठवण्यापेक्षा चेंडू पायाशी ठेवण्यावर भर. याया आणि कोलो तुरे, झोकोरा, एबुए, कालू, जेरविन्हो, सगळे एका छपराखालचे. सेनेगलची जेनेरासियों फूट आणि फ्रान्सच्या मेत्सचं साटंलोटं, त्यातून माने.

आता हिशेब. लेखापालांना आवडेल. खेळाडू कराराच्या मध्यात विकला गेला की रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात: १२ ते १५ वाढदिवसांच्या हंगामांना प्रत्येकी ०.२५ टक्के, १६ ते २३ ला प्रत्येकी ०.५. समजा पोरगं १२ ते १७ अशी सहा वर्षं एका छोट्या क्लबात होतं आणि पुढे २ कोटी युरोला विकलं गेलं. चार वर्षांचा १ टक्का, दोन वर्षांचा १ टक्का, एकूण २ टक्के, म्हणजे ४ लाख युरो. त्यात नवं मैदान, दोन मिनीबस आणि बरीच वर्षं प्रशिक्षकांचे पगार निघतात. आणि हा हिशेब दर विक्रीला परत लागू.

बिघडतं कुठे? एक, अकादमी राष्ट्रीय महासंघाकडे क्लब म्हणून नोंदलेली नसेल तर दमडी नाही. दोन, पोराची नोंदणीच पंधराव्या वर्षी केली तर आधीची वर्षं गेली. तीन, जन्मतारखेचे कागद दोन ठिकाणी दोन, की दावा अडकला. चार, मधला दलाल पोराला वेगळ्याच क्लबाच्या नावावर आधी फिरवतो. पूर्वी क्लबाने स्वतः दावा ठोकावा लागे. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाच्या क्लिअरिंग हाउसमधून नोंदींवरून आपोआप हिशेब निघतो, पण नोंद असेल तर ना! शिवाय १८ च्या आत आंतरराष्ट्रीय बदली बंद, थोडे अपवाद सोडून. म्हणून अकादम्या आधीच युरोपातल्या क्लबाशी करार करून ठेवतात, आणि पोरगं अठराव्या वर्षी जवळजवळ फुकटात जातं.

गोव्याचं सांगायचं तर आय-लीगच्या (भारतातली तेव्हाची मुख्य क्लब स्पर्धा) पहिल्या पाच हंगामांत सर्वाधिक गोल नायजेरियनांचेच: तीनदा चर्चिलचा ओडाफा ओकोली, मग दोनदा डेम्पोचा रँटी मार्टिन्स (२०११-१२ ला ३२ गोल). पाचही विजेतेपदं गोव्यात. डेम्पोत रँटीला चेंडू पुरवणारी स्थानिक मधली फळी तयार झाली, पण भारतीय नऊ नंबर (मुख्य आघाडीपटू) मात्र बाकावरच म्हातारा झाला. मुंबई सिटीने २०२०-२१ ला इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा पुढे ओग्बेचे होता, जो सतराव्या वर्षी २००२ चा विश्वचषक खेळलेला, आणि मागे सेनेगलचा मुर्तदा फॉल. कॉर्नरला फॉल कुठून धाव सुरू करतो ते बघा, नेहमी लांबच्या खांबापलीकडून.

ऑफसाइड_ट्रॅप

वा, धागा सार्थकी लागला. एक शंका. आफकॉन बघायची तर कुठली जुनी स्पर्धा आधी बघू? आणि २४ संघांत तिसरे आलेले पुढे जातात, हे नेमकं कसं?

कुपरेज_गॅलरी

सहा गट, चार-चार संघ. पहिले दोन थेट, आणि सहा तिसऱ्यांपैकी चार. तीन गुणही पुरू शकतात. यासाठी २०२४ च्या सुरुवातीला झालेली आयव्हरी कोस्टची स्पर्धाच बघा. यजमानांनी गिनी-बिसाऊला २-० हरवलं, नायजेरियाशी ०-१, आणि इक्वेटोरियल गिनीकडून ०-४. तीन गुण, गोलफरक उणे तीन. प्रशिक्षक गासे गेला. महासंघाने फ्रान्सच्या महिला संघाकडून एर्वे रेनारला उसना मागितला, फ्रान्सने नाही म्हटलं. मोरोक्कोने झांबियाला हरवलं म्हणून हे वाचले, आणि गासेचा सहायक एमर्स फाए याच्या गळ्यात संघ पडला.

मग सेनेगल: ८६ व्या मिनिटाला केसीची पेनल्टी, टायब्रेकर. माली: ४३ व्या मिनिटापासून दहा जण, ९० व्या मिनिटाला आडिंग्राची बरोबरी, अतिरिक्त वेळेच्या शेवटच्या क्षणी दियाकितेचा गोल. उपांत्य सामन्यात डीआर काँगो १-०, अंतिम सामन्यात नायजेरिया २-१. दोन्हीकडे निर्णायक गोल सेबास्तियाँ आलेचा, ज्याला २०२२ मध्ये कर्करोग निघाला होता. अंतिम सामन्यात आडिंग्राची डावी बाजू बघा, दोन्ही गोल त्याच्या पायातून निघालेत.

सहा_नंबर

त्याच्या अगदी उलट चव हवी असेल तर इजिप्त २००८. हसन शेहाताच्या हाताखाली २००६, २००८, २०१० अशी लागोपाठ तीन विजेतेपदं, आणि संघातले बरेच जण कैरोच्या अल अहली आणि जमालेक या क्लबांमधले, म्हणजे वर्षभर एकमेकांसमोर नाहीतर एकमेकांसोबत. उपांत्य सामन्यात द्रोग्बा-तुरेंच्या आयव्हरी कोस्टला ४-१. अंतिम सामन्यात ७७ व्या मिनिटाला झिदान (इजिप्तचा!) कॅमेरूनच्या रिगोबेर सोंगच्या अंगाला चिकटून, पडत-उठत चेंडू काढतो आणि अबूत्रिकाला देतो. आणि हाच संघ विश्वचषकाला एकदाही गेला नाही. २०१० चं तिकीट ओमदुरमानच्या प्लेऑफमध्ये अल्जीरियाने १-० ने नेलं.

मांडवीपार

आणि २०१२ चा अंतिम सामना, झांबिया वि. आयव्हरी कोस्ट, गॅबॉनमधलं लिब्रेव्हिल. १९९३ मध्ये याच किनाऱ्याजवळ विमान कोसळून झांबियाचे १८ खेळाडू गेले होते. काल्युशा ब्वाल्या हॉलंडहून परस्पर येणार होता म्हणून वाचला. २०१२ ला तोच महासंघाचा अध्यक्ष. सामना ०-० आहे म्हणून कंटाळू नका. ७० व्या मिनिटाला द्रोग्बाची पेनल्टी आडव्या खांबावरून जाते, तिथून लावलात तरी चालेल. टायब्रेकर ८-७, आणि झांबियाचे खेळाडू फटक्यांच्या मधल्या वेळात गुडघ्यावर बसून गात असतात. आवाज बंद करू नका.